सत्त्याण्णवची लिंकन घ्यावी का?

नोव्हाय, मिशिगनहून एका ताईंचं पत्र आलंय. यजमान अठ्ठावन्न वर्षांचे, पंचवीस वर्षांहून जास्त काळ डेट्रॉइटच्या परिसरात नोकरी. मुलं मार्गी लागली, आणि आता त्यांना १९९७ची लिंकन टाउन कार हवी आहे. एकाच मालकाची, ६८ हजार मैल चाललेली, मागणी साडेसात हजार डॉलर. मे महिन्यात साताऱ्याहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येताहेत. ताई विचारतात, "हा पांढरा हत्ती दारात बांधायचा का? आणि घेतलाच, तर त्यावर किती खर्च करू द्यायचा?"

ताई, घ्या. पण आधी मला काय म्हणायचंय ते ऐकून घ्या.

ही गाडी तुमच्या शेजारच्या गावची आहे. विक्समचा तो मोठा कारखाना २००७मध्ये बंद पडला. तोपर्यंत टाउन कार तिथेच बनत होती. पुढे ती कॅनडात, ऑन्टारिओतल्या सेंट थॉमसला गेली आणि २०११मध्ये संपलीच. वेगळ्या चासीवर बसवलेली बॉडी, पुढे ४.६ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना. अशी मोठी सेडान अमेरिकेत आता कुणी बनवत नाही. यजमानांची हौस नुसत्या क्रोमवर भाळलेली नाही, हे मला पत्रावरूनच कळलं. विमानतळावर, लग्नांत, हॉटेलांच्या दारात या गाड्या वर्षानुवर्षं राबल्या आणि तीन लाख मैलांच्या पुढे गेल्या. क्राऊन व्हिक्टोरिया आणि ग्रँड मार्किस ही तिची सख्खी भावंडं, त्यामुळे यंत्राचे बरेचसे सुटे भाग आजही सहज मिळतात. त्या काळातल्या दुसऱ्या आलिशान गाड्यांचे भाग शोधताना माणूस रडकुंडीला येतो.

गाडी बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. मग सकाळी पोचल्यावर आधी लांब उभं राहून मागची बाजू बघा. या गाडीला मागे लोखंडी स्प्रिंग नाहीत, हवेच्या रबरी पिशव्या आहेत. रात्रीतून मागचा भाग खाली बसला असेल तर पिशव्या गळताहेत. ही दुरुस्ती फार महाग नाही, पण किमतीत घासाघीस करायला ठोस कारण मिळतं.

नंतर बोनेट उघडून इंजिनच्या पुढच्या बाजूला, अल्टरनेटरच्या आसपास टॉर्च मारा. १९९६ ते २००१च्या टाउन कारमध्ये इनटेक मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा पोचवणाऱ्या भागाचा) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, वाहून नेणारा पुढचा भाग प्लास्टिकचा होता आणि तो तडकायचा. सुधारित मॅनिफोल्डमध्ये तो भाग ॲल्युमिनियमचा आला. बदलल्याचं बिल मालकाकडे असेल तर उत्तम. नसेल आणि प्लास्टिकच दिसत असेल, तर तो खर्च गृहीत धरूनच बोला.

सगळ्यात जास्त वेळ गाडीखाली घालवा. मिशिगनमध्ये ना वार्षिक तपासणी, ना धुराची चाचणी, त्यामुळे वरून चकचकीत आणि खालून कुजलेली गाडीसुद्धा रस्त्यावर बिनदिक्कत फिरते. हिवाळ्यातलं मीठ मागच्या चाकांजवळची चासी आणि ब्रेकच्या नळ्या खातं. ओळखीच्या स्वतंत्र मेकॅनिककडे शे-दोनशे डॉलर देऊन गाडी लिफ्टवर चढवा आणि चासीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघायला सांगा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर तिथूनच नमस्कार करून परत या, किंमत कितीही उतरली तरी. चासीचा गंज काढत बसणं हे घरातल्या माणसाचं काम नाही. फ्लोरिडा-ॲरिझोनाची गाडी खालून बहुधा स्वच्छ असते, फक्त तिचं लेदर आणि डॅशबोर्ड उन्हाने तडकलेले असतात. माझा कौल अशाच गाडीला. आतलं कातडं सवडीने शिवून घेता येतं.

घरचं गॅरेजही मोजा. ही गाडी सव्वाअठरा फुटांच्या आसपास आहे. वीस फुटी गॅरेजमध्ये मावेल, पण मागच्या भिंतीला लावलेला फ्रीझर हलवावा लागेल.

आता खर्चाचं. ठरलेल्या किमतीच्या एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी काढा आणि ती 'आधी पोटोबा, मग विठोबा' या क्रमाने खर्च करा. पहिलं काम टायर. नक्षी खोल दिसली म्हणून फसू नका. टायरच्या कडेवर DOT (डॉट) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१४ असेल तर तो २०१४च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. असले टायर सासू-सासऱ्यांना घेऊन हायवेवर न्यायचे नाहीत. मग ब्रेकच्या नळ्या. गंजल्या असतील तर निकेल-तांब्याच्या घाला, त्या मिठाला दाद देत नाहीत. मग शॉकअप, सस्पेन्शनची रबरं आणि गिअरबॉक्सचं तेल. सावकाश वेगात गाडी थरथरली, खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी, तर पुष्कळदा जुनं तेल हेच कारण असतं. मर्कॉन फाइव्ह तेल भरलं की बऱ्याच गाड्या शांत होतात.

यजमानांना कुणीतरी पोलिसांच्या क्राऊन व्हिक्टोरियाचे कडक स्प्रिंग सुचवेलच. बसतात, पण घालू नका. हवेच्या जुन्या पिशव्या काढून त्याच जातीच्या नव्या घाला. ही गाडी खड्ड्यावरून तरंगत जाते, म्हणून तर ती घ्यायची. माझ्याकडे अशीच एक गाडी अकरा वर्षं आहे. माझ्या आईचे गुडघे गेलेले. एसयूव्हीत तिला दोघांनी धरून चढवावं लागायचं. इथे ती आधी आसनावर टेकायची, मग एकेक पाय हातांनी उचलून आत घ्यायची आणि दार ओढायच्या आधी पदर सावरायची. कुणाची मदत लागायची नाही. तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या कुणाला तरी बरोबर नेऊन एकदा बसवून बघा.

डिकीत एअर सस्पेन्शनचा, म्हणजे त्या हवेच्या पिशव्यांचा, स्विच असतो. गाडी जॅकवर घेण्याआधी किंवा टो करण्याआधी तो बंद करायचा. आमच्या गावातल्या एका टायरच्या दुकानात तो चालू ठेवूनच गाडी उचलली आणि खाली घेताना पिशवी दुमडून फाटली. तेव्हापासून मी डिकीच्या झाकणाच्या आत ठळक अक्षरांत सूचना चिकटवली आहे. तुम्हीही चिकटवा.

नंबर प्लेटचा निर्णय विचार करून घ्या. गाडी मिशिगनच्या ऐतिहासिक वाहनांच्या वयात बसते आणि ती प्लेट स्वस्त पडते, पण तिच्यावर मुख्यतः प्रदर्शनं, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम एवढंच चालतं. ऑगस्ट महिन्यात मात्र मोकळीक असते, वुडवर्ड ड्रीम क्रूझ ही डेट्रॉइटजवळची जुन्या गाड्यांची जत्रा त्याच महिन्यात. तुम्हाला देवळात, डॉक्टरकडे, किराणा आणायला जायचंय, तेव्हा साधी प्लेट घ्या. विम्याचंही तसंच: जुन्या गाड्यांचा ठरलेल्या किमतीचा विमा चांगला असतो, पण रोजच्या वापराला तो बहुधा चालत नाही. एजंटला वापर खराखरा सांगा.

एका बाबतीत मी तुमच्या बाजूने आडवा येईन. नातवंडाचं सीट या गाडीत रोज बसवायचं असेल, तर १९९७ची नको. बाळाचं सीट अडकवायचे खालचे हूक सप्टेंबर २००२पासून सक्तीचे झाले. मग २००३ किंवा पुढची टाउन कार बघा. तिची चासी आणि स्टिअरिंगही सुधारलेलं आहे. चौकोनी जुना डौल तिला नाही, आणि यजमान कुरकुरतील, पण बाळासाठी ऐकतील.

म्युझिक सिस्टीम बदलायची घाई करू नका. जुन्या डेकमध्ये कॅसेट चालते, आणि फोनसाठी कॅसेटच्या आकाराचा ब्लूटूथ अडॅप्टर मिळतो. डॅशबोर्ड कापायची गरजच नाही. गाडी ठरली की साताऱ्याला फोन करा आणि सासऱ्यांना सांगा: कपाटातल्या अभंगांच्या कॅसेट रद्दीत देऊ नका, येताना बॅगेत घालून आणा.