शेतातल्या जुन्या घराचे स्वयंपाकघर वसंतात नैसर्गिक हिरवाईने कसे सजवावे?

तुम्ही लिहिले आहे की सोलापूरजवळच्या शेतातले धाब्याचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे, जुने घर नुकतेच दुरुस्त करून घेतले आहे, पाडव्याला सारे कुटुंब तिथे जमणार आहे आणि स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या वेली न लावता खरी हिरवाई आणायची आहे. आमचेही घर याच भागात, शेतातच आहे आणि दर चैत्रात स्वयंपाकघराची ही सजावट मी स्वतः करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की आपल्याकडच्या वसंतातली हिरवाई जमिनीवर नसते, ती झाडांवर असते. ज्वारी निघून गेल्यामुळे रानात नुसती धसकटे उरलेली असतात आणि बांधावरचे गवत वाळून गेलेले असते. पण त्याच दिवसांत कडुलिंब फुलोऱ्यावर येतो, पिंपळाला तांबूस पालवी फुटते आणि करंज नव्या पानांनी इतका लखलखतो की दुपारच्या उन्हात त्याच्याकडे पाहूनच डोळे निवतात. म्हणून मासिकांतल्या छायाचित्रांत दिसणारे नेचे आणि थंड हवेतली फुले यांच्या मागे लागू नये. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि त्यात चुलीची किंवा गॅसची धग असते. अशा ठिकाणी ती झाडे टिकत नाहीत.

फांदी निवडताना एक भेद जरूर पाळावा. कोवळी पालवी दिसायला सर्वांत सुंदर असते, पण तिच्यातले पाणी झपाट्याने उडते आणि ती काही तासांतच माना टाकते. पिंपळाची आणि करंजाची पालवी त्यामुळे ज्या दिवशी पाहुणे येणार त्याच दिवशी सकाळी आणावी. आंब्याची जून, गडद हिरवी पाने मात्र जाड आणि चिवट असतात. डहाळी पाण्यात ठेवली तर ती आठवडाभर सहज टिकते आणि दारावरच्या तोरणात वाळली तरी पानांचा आकार बिघडत नाही. फांद्या उन्हे चढण्यापूर्वी तोडाव्यात, देठ तिरका कापावा आणि पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत, कारण तीच आधी कुजतात आणि पाण्याला वास येतो. पाणी रोज बदलावे. साचलेल्या पाण्यात डास होतात हे तर आहेच. आमच्या विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यामुळे काचेच्या बरणीवर दोन दिवसांत पांढरे वळ उठतात, म्हणून मी घरातले पितळी तांबे आणि जुनी घागर वापरते. चिंचेने घासलेल्या पितळेवर आंब्याचा हिरवा रंग जितका उठून दिसतो तितका तो काचेत दिसत नाही.

कडुलिंबाविषयी एक अनुभव सांगते. पहिल्या वर्षी मी फुलोऱ्यासकट भरगच्च डहाळे ओट्याच्या वरच्या तुळईला बांधले होते. रात्रभर पंखा चालू होता आणि सकाळी कणकेची परात, मिठाची बरणी, पाट, सगळीकडे बारीक पांढरी फुले सांडलेली होती. पुरणासाठी उपसून ठेवलेल्या डाळीतूनही ती एकेक करून वेचावी लागली. तेव्हापासून कडुलिंब मी फक्त दारावर आणि सवण्याखाली, म्हणजे छतातल्या झरोक्याखाली, जिथे अन्न उघडे राहत नाही तिथेच बांधते. झरोक्यातून येणारा उन्हाचा कवडसा त्या फुलोऱ्यातून खाली फरशीवर पडतो तेव्हा स्वयंपाकघराला दुसऱ्या कोणत्याही सजावटीची गरज वाटत नाही.

जिवंत हिरवाई हवी असेल तर पाडव्याच्या आठ-नऊ दिवस आधी गहू रुजत घालावेत. गहू रात्रभर भिजवून पसरट टोपलीत दोन-तीन बोटे मातीवर दाट पसरावेत, कोंब दिसेपर्यंत ओल्या फडक्याने झाकावेत आणि नंतर सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका मारावा. सणाच्या दिवशी खिडकीत वीतभर उंचीचे, पोपटी रंगाचे रोप तयार असते आणि सण झाल्यावर ते वासराला घालता येते. पुदिन्याची जागा मी माठाखाली ठरवून टाकली आहे. बाजारातल्या जुडीतल्या चांगल्या काड्या पाण्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळ्या फुटतात. त्या पसरट कुंडीत लावून ती माठाच्या तिवईखाली ठेवली की माठातून झिरपणारे पाणी तिला आपोआप मिळते आणि त्या गारव्यात पुदिना वैशाखापर्यंत तग धरतो. पन्ह्यासाठी किंवा चटणीसाठी हात खाली नेला की पाने मिळतात.

काही गोष्टी मात्र स्वयंपाकघरात मुळीच आणू नयेत. कण्हेर बांधावर सहज सापडते आणि तिची पाने देखणी असतात, परंतु त्या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुले जमणार असताना तर तिला उंबऱ्याच्या आत घेऊच नये. रुईचा चीक डोळ्यांना अपायकारक आहे. डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या बागेतल्या फांद्यांचा मोह होतो, विशेषतः डाळिंबाला लालभडक कळी असेल तर, पण बागेवर औषधाची फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय त्या अन्नाजवळ ठेवू नयेत.

हिरव्यासोबत थोडा वाळलेला रंगही असावा असे माझे आग्रहाचे मत आहे. खळ्यावरून मालदांडी ज्वारीची चांगली भरलेली पाच-सात कणसे ताटासकट बाजूला काढून त्यांची जुडी सुतळीने खुंटीला टांगावी. आंब्याच्या पानांशेजारी तो मोतिया रंग फार शोभतो आणि नंतर हीच जुडी ओसरीवर बांधली की चिमण्या दाणे टिपायला येतात.

कोनाड्यात चैत्रगौर बसवणार असाल तर तिच्या मागे आंब्याचीच डहाळी लावावी, कारण ती आरास अक्षय तृतीयेपर्यंत राहायची असते आणि आठवड्याला एकदा डहाळी बदलली की पुरते. कडुलिंबाचे डहाळे मात्र सुकू लागताच उतरवावेत आणि त्यांची पाने सावलीत पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत वाळवावीत. ती आम्ही ज्वारीच्या कणगीत थराथराने घालतो. पानांत जरासा जरी ओलसरपणा राहिला तरी धान्याला बुरशी लागते, म्हणून पान मुठीत चुरून त्याचा भुगा होतो की नाही हे आधी पाहावे.