नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यासारख्या तालुक्यात 0 ते 6 वयाच्या मुलांसाठी आराखडा करायचा, तर सुरुवात कुठून करावी?

पाड्यांपासून. गावाचा आकडा धरला की आराखडा तिथेच चुकतो. सातपुड्यात एकाच गावाचे पाडे डोंगरभर विखुरलेले असतात आणि मधला नाला पावसाळ्यात भरला की तीन वर्षांचं पोर अंगणवाडीत येतच नाही. आदिवासी भागात 150 ते 300 लोकसंख्येला मिनी अंगणवाडीचा निकष आहे. म्हणून पाड्यागणिक मुलं मोजा, नकाशावर नाले दाखवा, मगच मागणी करा.

दुसरं म्हणजे स्थलांतर, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, लेकरंही सोबत. पावसाच्या तोंडावर परततात तेव्हा 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना दंडाचा घेर मोजायची पट्टी लावून बघा: 11.5 सेंमीच्या खाली, पट्टीच्या लाल भागात आलेलं मूल म्हणजे तीव्र कुपोषित. त्यामुळे वर्षाचं कॅलेंडर दोन भागांत आखा. जाण्याआधी वजन, लसीकरण आणि पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप) स्थलांतराची नोंद; परतल्यावर पहिल्याच आठवड्यात घरोघरी तपासणी आणि गरज असेल तिथे ग्राम बालविकास केंद्र, म्हणजे कुपोषित मुलांना गावातच जादा आहार आणि उपचार देणारं केंद्र.

भाषाही विसरू नका. पावरी ही इथली आदिवासी बोली बोलणाऱ्या घरातल्या मुलाला पहिल्या दिवसापासून प्रमाण मराठी ऐकवली तर ते गप्प बसून राहतं. गाणी, गोष्टी त्याच्याच बोलीत हव्यात.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी असतात. ग्रामसभेत सेविकाताईंना बोलू द्या आणि त्यांची मागणी ठरावात लिहून घ्या.