कोणाला तारायचं याची देवाने आधीच निवड केली असेल, तर विश्वास ठेवणं माझ्या हातात उरतं का?
हो, विश्वास तुम्हीच ठेवता. प्रॉटेस्टंटांमधला वाद आहे तो देवाची कृपा नाकारता येते का, यावर. आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी 1610 साली हॉलंडमध्ये पाच कलमं मांडली. माणूस स्वतःच्या बळावर तरतो असं ते म्हणत, हा सर्रास होणारा गैरसमज. तिसरं कलम वाचा: कृपेशिवाय माणसाला खरं चांगलं काहीच साधत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. चौथ्यात मात्र ती कृपा झिडकारता येते. हॉलंडमधल्याच डॉर्ट शहरातल्या धर्मसभेने (1618-19) हे फेटाळलं. तिच्या मते देव निवडलेल्यांचं मनच पालटतो, म्हणून ते आपखुशीने येतात. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय मला डॉर्टच्या बाजूचा वाटतो, पण दहावा सोडून तो वाचू नका. कॅथलिक शिकवण यापेक्षा वेगळी आहे.