खरबुजात बीटा कॅरोटीन भरपूर, मग डीपीपीएच कमी का येतं?

तुमचा प्रश्न असा की, केशरी गराच्या खरबुजात बीटा कॅरोटीन हिरव्या गराच्या कितीतरी पट मिळालं, पण डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणाऱ्या चाचणीत दोन्ही जवळपास सारखेच आले, तर प्रयोग कुठे चुकला? माझ्या मते चुकलेला नाही. दोन अर्कांत तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यात.

डीपीपीएचसाठी अर्क काढलात मिथेनॉलमध्ये. त्यात उतरतात क जीवनसत्त्व आणि फिनॉलिक संयुगं. बीटा कॅरोटीन मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही. गाळणकागदावर उरलेला चोथा बघा, केशरीच दिसेल. जे थोडं उतरतं, तेही डीपीपीएचचा जांभळा रंग घालवण्यात फार कमी पडतं. कॅरोटीनचं बळ सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं अतिक्रियाशील रूप, शमवण्यात आहे, आणि ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात वाचली जाणारी ही चाचणी ते तपासतच नाही. म्हणून 'पुसा शरबती'चा केशरी गर आणि 'हरा मधु'चा हिरवट गर इथे शेजारी शेजारी आले, तर मला नवल वाटणार नाही.

कॅरोटीनचा वाटा बघायचाच असेल, तर हेक्झेनमधला अर्क वेगळा काढा आणि एबीटीएस ही दुसरी अँटिऑक्सिडंट चाचणी लावा. त्याचं वाचन ७३४ नॅनोमीटरवर होतं. तिथे कॅरोटीनचा स्वतःचा पिवळा रंग मध्ये येत नाही. पाण्यात उतरणाऱ्या आणि तेलात उतरणाऱ्या भागांचे आकडे वेगवेगळे द्या.

आता बीटा कॅरोटीनचा आकडा पक्का आहे ना, ते पडताळा. गर थंड ॲसिटोनमध्ये चोथा पांढरा पडेपर्यंत पुन्हा पुन्हा खलायचा. मग सेपरेटिंग फनेलमध्ये पेट्रोलियम ईथर घालून पाणी कडेकडेने सोडायचं. जोरात हलवलंत तर दुधाळ थर बसतो आणि तास वाया जातो. पिवळा रंग वरच्या थरात चढतो. तो निर्जल सोडियम सल्फेटवरून गाळून ४५० नॅनोमीटरवर वाचायचा. सगळं मंद उजेडात, काचेला फॉइल गुंडाळून.

समजा गर ५ ग्रॅम, अंतिम आकारमान २५ मिली आणि शोषणांक ०.९ आला. २५९२ हा पेट्रोलियम ईथरमधल्या बीटा कॅरोटीनचा शोषण गुणांक धरून ०.९ × २५ × १०,००० भागिले (२५९२ × ५), म्हणजे ग्रॅमला साधारण १७.४ मायक्रोग्रॅम, १०० ग्रॅमला १.७ मिलिग्रॅम. केशरी खरबुजाला १०० ग्रॅममागे २ मिलिग्रॅमच्या आसपासचा आकडा शोभतो. १० मिलिग्रॅम दिसलं तर आधी विरलीकरणाचं गणित तपासा. हे मोजमाप खरं तर एकूण कॅरोटिनॉइडचं, म्हणजे बीटा कॅरोटीन ज्यातलं एक आहे त्या रंगद्रव्यांच्या गटाचं आहे. त्यातलं नेमकं बीटा कॅरोटीन सांगायला एचपीएलसी, म्हणजे संयुगं वेगवेगळी करून मोजणारी पद्धत लागते. प्रबंधात तसं स्पष्ट लिहा.

आणि नमुना! सालीलगतचा गर हिरवट असतो, बियांकडचा गडद. देठापासून टोकापर्यंत उभी फाक घ्या, एका जातीची अनेक फळं घ्या आणि सगळी देठ आपोआप सुटण्याच्या अवस्थेतलीच निवडा.