ग्राफिक्स कार्डाआधी कॅमेऱ्याची फाइल पाहा

प्रश्न : मी मिररलेस कॅमेऱ्यावर ४के, १०-बिट, ४:२:२, एच.२६५ या स्वरूपात चित्रीकरण करतो. जुन्या संगणकावर टाइमलाइन अडखळते, म्हणून सुटे भाग निवडून एडिटिंगसाठी नवा संगणक जोडून घेणार आहे. निम्मे बजेट ग्राफिक्स कार्डावर खर्च करावे, असा सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : तुम्ही फाइलचे स्वरूप नेमके कळवले, हे फार बरे झाले, कारण भागांची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. ठरावीक अंतराने एखादी पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेमच्या तुलनेत काय बदलले, मुख्यतः तेवढेच नोंदवलेले असते. त्यामुळे तुम्ही टाइमलाइनवर थोडेसे मागे सरकलात, तरी संगणकाला आधीच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून पुढच्या फ्रेम उलगडत यावे लागते. हा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडला, तर चांगला प्रोसेसरही धापा टाकतो. म्हणूनच या कामासाठी चिपमध्ये वेगळा डीकोडर, म्हणजे दाबलेली फाइल उलगडणारा भाग असतो, मात्र प्रत्येक डीकोडरला प्रत्येक स्वरूप उलगडता येत नाही.

नेमकी इथेच अनेकांची फसगत होते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेतील महागड्या कार्डांनाही एच.२६५ चे ४:२:२ (रंगाची अधिक माहिती राखणारे) स्वरूप हार्डवेअरवर उलगडता येत नाही. ती सोय ५० मालिकेपासून आली. याउलट इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल, तर त्यातील क्विक सिंक हा डीकोडर हे काम सहज करतो. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणून थोडे पैसे वाचवण्यासाठी तो घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. तुमचे सॉफ्टवेअर आणि त्याची तुम्ही वापरत असलेली आवृत्ती या डीकोडरचा उपयोग करते की नाही, हेही खरेदीपूर्वी तपासा. जुन्या संगणकावर विंडोज असेल, तर क्लिप चालवताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा ‘व्हिडिओ डीकोड’ आलेख पाहा. तो तळाला चिकटून राहिला आणि प्रोसेसर मात्र शंभर टक्क्यांकडे गेला, तर दुखणे कुठे आहे ते लगेच कळेल.

ग्राफिक्स कार्ड अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नाही. कलर ग्रेडिंग, नॉइज रिडक्शन आणि इफेक्ट्स यांचा भार तेच उचलते, आणि ४के मध्ये नॉइज रिडक्शन वारंवार करणार असाल, तर ८ जीबीऐवजी १२ जीबी किंवा अधिक व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) असलेले कार्ड घ्यावे. परंतु तुमचे काम मुख्यतः कट आणि साधी रंगदुरुस्ती एवढेच असेल, तर निम्मे बजेट त्यात अडकवणे मला पटत नाही. त्यातील काही रक्कम रॅमकडे वळवा : ३२ जीबीपासून सुरुवात करा, मोशन ग्राफिक्स करत असाल तर ६४ जीबी घ्या, आणि ती दोन स्टिकमध्येच घ्या, कारण डीडीआर५ या प्रकारच्या रॅमच्या चार स्टिक लावल्या की वेग बहुधा कमी करावा लागतो.

प्रश्न : चित्रीकरणाच्या फायलींसाठी सर्वांत वेगवान एनव्हीएमई एसएसडीच घ्यावी का?

उत्तर : आधी हिशेब करा. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या दराने नोंद करत असेल, तर ते सेकंदाला १२.५ मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ जीबी झाले. एवढा वेग साधी हार्ड डिस्कसुद्धा देते. मल्टिकॅम, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांच्या एडिटिंगमध्ये मात्र एकाच वेळी अनेक फायली वाचाव्या लागत असल्याने एसएसडी हवीच. प्रोरेस ४२२ एचक्यू या कमी दाबलेल्या स्वरूपात ४के, २५ फ्रेमचे चित्रीकरण तासाला सुमारे ३३० जीबी जागा घेते, त्यामुळे तिथे वेगाइतकीच क्षमताही महत्त्वाची ठरते. माझ्या मते, एकाच अतिवेगवान डिस्कऐवजी मध्यम वेगाच्या दोन एनव्हीएमई घ्याव्यात : एकीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसरीवर चालू काम आणि कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फायली). त्यासाठी मदरबोर्डवर अशा एसएसडी बसवण्याचे किमान दोन एम.२ स्लॉट आहेत, याची खात्री करून घ्या. पूर्ण झालेले काम मोठ्या हार्ड डिस्कवर हलवा आणि त्याची आणखी एक प्रत संगणकाबाहेरच्या डिस्कवर ठेवा.