लेसरसाठी ठेवीची मुदत संपेपर्यंत थांबावे का?

निपाणी तालुक्यातून पत्र लिहिणाऱ्या भगिनींस, सप्रेम नमस्कार.

आपल्या 61 वर्षांच्या यजमानांना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे, डोळ्याच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढून रक्तस्राव झाला आहे आणि डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांना लेसर करण्यास सांगून सुमारे 40,000 रुपये खर्च सांगितला आहे, असे आपण कळवले आहे. मुलीच्या लग्नासाठी पतसंस्थेत ठेवलेल्या 3 लाखांच्या ठेवीची मुदत चार महिन्यांनी संपते आणि तोपर्यंत ऊसबिलही येईल, म्हणून लेसर तेव्हा करावे का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत आहे की थांबू नये.

आधीच गेलेली दृष्टी लेसरमुळे सहसा परत येत नाही. उरलेली दृष्टी टिकवणे हेच त्याचे काम आहे. पुन्हा रक्तस्राव होऊन डोळ्यात रक्त दाटले, तर लेसरचा किरण पडद्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि रक्त आपोआप निवळले नाही किंवा पडदा ओढला जाऊन सुटू लागला, तर शस्त्रक्रिया करावी लागते, जिचा खर्च लेसरपेक्षा बराच अधिक असतो. त्या शस्त्रक्रियेनंतरही यजमान पूर्वीसारखे शेतात जाऊ शकतील, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

ठेव मोडण्याची गरज नाही. पतसंस्थेकडून ठेवतारण कर्ज, म्हणजे ठेव तारण ठेवून मिळणारे कर्ज, घ्यावे. व्याजदर 9 टक्के धरला, तर 40,000 रुपयांवर चार महिन्यांचे व्याज 1,200 रुपये होते आणि ठेवीवरील व्याज चालूच राहते. ऊसबिलाच्या भरवशावर मात्र राहू नये. कायद्याने ते 14 दिवसांत मिळायला हवे, पण उशिराचा अनुभव आपल्याला मी सांगायला नको. (पतसंस्थेतील ठेवीला बँकेप्रमाणे 5 लाखांचे विमा संरक्षण नसते, म्हणून मुदत संपल्यावर लग्नाची रक्कम बँकेत हलवावी, हेही सुचवतो.)

कर्ज काढण्यापूर्वी दोन ठिकाणी चौकशी करावी. शिधापत्रिका दारिद्र्यरेषेखालील असेल, तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. याशिवाय महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील 865 मराठी भाषक गावांसाठी लागू करण्याचा निर्णय घेतलेला आहे. आपले गाव त्या यादीत आहे का आणि कोणत्या अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात हे लेसर योजनेत बसते, हे तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारावे. ही चौकशी उपचारापूर्वीच व्हावी, कारण अशा योजनांत मंजुरी आधी घ्यावी लागते आणि स्वतः भरलेले पैसे नंतर मागून मिळतील असे गृहीत धरता येत नाही. मात्र मंजुरीला डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपेक्षा अधिक वेळ लागणार असेल, तर कर्ज काढून मोकळे व्हावे.

अंदाजपत्रक 40,000 वर थांबवू नये. लेसर बहुधा एकाहून अधिक बैठकांत होते, काही रुग्णांना डोळ्यात इंजेक्शनेही घ्यावी लागतात आणि त्यानंतरही नियमित तपासणी चुकवून चालत नाही. म्हणून सांगितलेल्या रकमेत सर्व बैठका धरल्या आहेत का, हे रुग्णालयाकडून लेखी घ्यावे आणि कर्जाची मर्यादा 60,000 रुपयांपर्यंत मंजूर करून घेऊन लागेल तेवढीच रक्कम उचलावी. रक्तातील साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहण्यासाठीच्या औषधांचा खर्च घरखर्चातच धरावा. तो कमी करून लग्नासाठी बचत करू नये.

यजमानांचा आरोग्य विमा नसेल आणि घरात कोणी जुन्या प्रणालीने आयकर भरत असेल, तर साठीपुढील व्यक्तीच्या उपचारखर्चावर 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. त्यासाठी बिल रोखीने न भरता बँकेमार्फत भरावे आणि पावत्या जपून ठेवाव्यात. ऊसबिल आले की त्यातून प्रथम हे कर्ज फेडावे, म्हणजे लग्नाची ठेव पूर्ण मोकळी होईल.