विंडोज १० बंद झालं, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकतोय. नवख्याने काय सांभाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१६ चा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, विंडोज ११ त्यावर चढत नाही, १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकायचं ठरवलंय आणि टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, भीती वाटते. मी आमच्या शाळेतली चार जुनी मशीन मिंटवर चालवतो आणि घरातलं एक. मी इंजिनिअर नाही, मराठी शिकवतो. माझं पहिलं सांगणं: या आठवड्यात इन्स्टॉल करूच नका.

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाईल), मिंटच्या साइटवरून आयएसओ (इन्स्टॉलेशनची एकच मोठी फाइल) उतरवा, रूफस किंवा एचर या सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर लिहा आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करा. बूट मेनूसाठी (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी) एफ१२, एफ९ किंवा एस्केप, यातलं काहीतरी लागतं. ते कंपनीनुसार बदलतं. आता दोन संध्याकाळी तसंच वापरा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. वायफाय पकडतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडलं की मशीन जागं होतं का, हे बघा. वेगावरून मत बनवू नका, पेनड्राइव्हवरून सगळं रखडतच चालतं. वायफाय दिसलं नाही तर मोबाईल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करा. इंटरनेट लगेच मिळतं. पुढे इन्स्टॉल केल्यावर याच युक्तीने ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) घेता येतो.

४ जीबी रॅम आहे म्हणून मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, सिनॅमन ही दुसरी आवृत्ती दिसायला छान असली तरी. खरं तर सिनॅमनही चालेल, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की कुठलीही आवृत्ती धापा टाकते. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घ्या. एवढ्या खर्चात याहून मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकणार असाल तर तीन कामं आधी उरका. फोटो-कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा, आणि असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण ते चालू असताना विंडोज पुरतं झोपत नाही आणि मग लिनक्समधून ती ड्राइव्ह फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा तिचा हिस्सा) लहान करायचं तर ते विंडोजमधूनच करा.

इन्स्टॉल झालं की अपडेटच्याही आधी मिंटमधलं टाइमशिफ्ट उघडा आणि सिस्टीमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेऊन ठेवा. माझ्या पहिल्या आठवड्यात स्क्रीन जराशी फिकी वाटली म्हणून मी कुठल्याशा साइटवरच्या चार ओळी टर्मिनलमध्ये चिकटवल्या. त्या काय करतात ते विचारलंसुद्धा नाही. पुढच्या वेळी मशीन सुरू केलं तर काळा पडदा. पुन्हा पहिल्यापासून सगळं टाकण्यात रविवार गेला. टाइमशिफ्टचा एक स्नॅपशॉट घेतलेला असता तर त्याच लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत कालच्या अवस्थेत परतता आलं असतं. फक्त एक ध्यानात असू द्या: टाइमशिफ्ट सिस्टीम सांभाळतं, तुमच्या फाइली नाही. मुलांचे फोटो त्यात नसतात. त्यांची वेगळी प्रत लागतेच.

सॉफ्टवेअर हवं असेल तर ब्राउझरमध्ये शोधून ईएक्सई उतरवायची सवय सोडा, ती फाइल इथे चालत नाही. सॉफ्टवेअर मॅनेजर हे मोबाईलच्या प्ले स्टोअरसारखंच आहे, तिथून घ्या. अपडेट मॅनेजर खाली कोपऱ्यात ढालीच्या चित्रात दिसतो. आठवड्यातून एकदा चालवा. मिंट २२ हे उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बांधलेलं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तेव्हा दर महिन्याला नवी डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) शोधत फिरायचं काही कारण नाही.

टर्मिनलची भीती: रोजच्या कामात तो उघडावाच लागत नाही. उघडलात तर पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत, मिंटमध्ये बहुधा त्यांच्या जागी तारे येतात, पेस्ट करायला कंट्रोल-शिफ्ट-व्ही लागतं, अडकलं तर कंट्रोल-सी. आणि ‘सुडो’ने (मशीनचे पूर्ण अधिकार देणारा शब्द) सुरू होणारी ओळ म्हणजे घराची किल्ली देणं; ती ओळ काय करते ते समजेपर्यंत एंटर नको.

आता मराठीचं, कारण आपल्याकडचे बहुतेक लोक इथेच अडतात. युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी, आजची प्रमाण पद्धत) मराठी वाचायला काहीच करावं लागत नाही. लिहायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवून इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड) घ्या. इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची सवय असेल तर आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज टाका. त्यात मराठी टाइप करायच्या फोनेटिक, आयट्रान्स आणि चक्क गमभन या पद्धती आहेत. टाकल्यावर एकदा लॉगआउट करून परत या, नाहीतर यादीत काही दिसत नाही आणि माणूस उगाच वैतागतो. माझा सल्ला मात्र इनस्क्रिप्टचा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, क वर शिफ्ट दाबलं की ख, ल वर शिफ्ट दाबलं की ळ. पंधरा दिवस बोटं चुकतात, मग कुठल्याही मशीनवर बसलात तरी तेच.

खरी डोकेदुखी जुन्या फाइलींची. शिवाजी, किरण, कृतिदेव, श्रीलिपी असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं वर्डचं पत्र मिंटमध्ये उघडलं की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले होते. फॉन्टचा अंगरखा काढला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. विंडोज पुसण्याआधी फॉन्टच्या फोल्डरमधून त्या फॉन्टच्या टीटीएफ फाइली उचलून ठेवा. मिंटमध्ये त्यांवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केलं की पत्र वाचता येतं. नंतर सवडीने कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा, आणि जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी एकदा डोळ्यांखालून घाला. तिथे हमखास घोळ होतो. शाळेच्या निकालपत्रकांवर मी याच कामात अख्खी दिवाळीची सुट्टी घालवली आहे.

साधी वर्डची फाइल लिबरऑफिस या फुकट ऑफिस पॅकेजमध्ये उघडते. ओळी सरकल्या तर बहुधा फॉन्टमुळे. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि केंब्रियाच्या मापाचा कॅलाडिया हे फॉन्ट टाकून बघा. बाहेर पाठवताना पीडीएफ करूनच पाठवा.

घरात कोणी टॅलीवर हिशेब ठेवत असेल किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरत असेल तर त्या कामापुरतं विंडोज राहू द्या. वाइनमध्ये (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायची सोय) खटपट करून ऐन रिटर्नच्या शेवटच्या तारखेला अडकण्यात शहाणपण नाही.

शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे, मराठीतून, फुकट. सावकाश बोलतात, पडद्यावर बघत शेजारी आपण करत जायचं.

प्रिंटरबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. लाइव्ह पेनड्राइव्ह चालू असताना तोही जोडून एक पान काढून बघा. एचपीचे बहुतेक सरळ चालतात. लेझरजेट १०२० ला मात्र एचपीएलआयपीचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) प्लगइन वेगळं उतरवावं लागतं. कॅननच्या एलबीपी २९०० ला कॅननचा कॅप्ट नावाचा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवायला अर्धी दुपार हाताशी ठेवा.